धान्यचोराचे पाळणाघर

फ्रान्स देशाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, ऱ्हाईन नदीच्या डाव्या काठाने, अल्सास नावाचा एक लांबट, चिंचोळा मुलूख आहे. पश्चिमेला व्होज डोंगर, पूर्वेला नदी आणि नदीपलीकडे जर्मनी. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ‘अल्सास-लोरेन’ हे जोडनाव वाचल्याचे काही वाचकांना आठवत असेल. १८७१ साली जर्मनीने हा मुलूख घेतला, १९१८ साली तो फ्रान्सला परत मिळाला, १९४० साली पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला आणि दुसरे महायुद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्सकडे आला. त्यामुळे गावांची नावे जर्मन वळणाची, पाट्या फ्रेंच, आणि म्हातारी माणसे घरात बोलतात ती तिसरीच बोली.

गेल्या मे महिन्यात काही शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्याबरोबर या मुलखात चार दिवस राहण्याचा योग आला. दौरा होता द्राक्षे, दूध आणि साखरेचे बीट पाहण्यासाठी. ते सारे पाहिले, त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन. आज लिहायचे आहे ते एका उंदरावर.

लगेच पान उलटू नका. माझ्या नोकरीची तीसहून अधिक वर्षे उंदीर कसा मारावा हे सांगण्यात गेली आहेत. संध्याकाळी बिळे लिंपून ठेवा, सकाळी जी उकरलेली दिसतील ती वसतीची समजा. आधी दोन दिवस बिनविषारी भरडा ठेवून त्याला चटक लावा, मग झिंक फॉस्फाईड घाला. हात गोड्या तेलात बुडवू नका, काठीने कालवा. हे पाठ मी चावडीवर, शाळेत, देवळाच्या पारावर किती वेळा म्हटले असतील त्याची गणती नाही. अशा माणसाला एका परक्या देशात नेऊन दाखवतात काय, तर सरकारी पैशाने उंदीर जन्माला घालतात, वाढवतात, आणि शेतकऱ्याच्या उभ्या गव्हात नेऊन सोडतात!

आमच्याबरोबर करमाळ्याकडचे एक वयस्कर शेतकरी होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दुभाषी म्हणून आलेली, स्ट्रासबुर्गला शिकणारी पुण्याची मुलगी हे सांगू लागली तेव्हा अण्णांनी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सायेब, आमच्याकडचं दोन पोती उंदीर पाठवून देऊ का ह्यास्नी? भाडं आपलं.” मुलगी हसली आणि म्हणाली, “अण्णा, आधी बघा तर खरं.”

तर हा उंदीर कसा आहे ते सांगतो. त्याचे नाव हॅमस्टर. शहरात हौशी लोक पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पिवळट हॅमस्टर निराळा. हा त्याचा रानदांडगा भाऊबंद. वजन पाव ते अर्धा किलो, म्हणजे आपल्या घुशीच्या जवळपास. पण घुशीसारखा ओंगळ नव्हे. पाठ तांबूस, गालांवर आणि खांद्यांशी पांढरे ठिपके, पाय पांढरे आणि पोट मात्र कोळशासारखे काळे. कोणी अंगावर आले तर हा पळत नाही. मागल्या पायांवर उभा राहून काळे पोट दाखवतो आणि दात विचकतो. दोन्ही गालांत पिशव्या असतात. त्या दाण्यांनी ठासून भरल्या की तोंड डोक्याहून रुंद दिसते. असा माल वाहून तो बिळातल्या कोठारात भरतो. जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला जो शब्द आहे तो याच्याच नावावरून पडला आहे. अल्सासच्या बोलीत त्याला म्हणतात ‘धान्यातले डुकराचे पिल्लू’. यात प्रेम किती आणि राग किती ते ज्याचे त्याने ठरवावे.

अल्सासच्या सपाटीवर लोएस नावाची पिवळसर, मऊ माती आहे. वाऱ्याने हजारो वर्षे आणून टाकलेली, दगडाचा खडा नसलेली. नांगर लोण्यातून जावा तसा जातो. अशा मातीत हॅमस्टर बीळ करतो, आणि हिवाळ्यासाठी ते दोन मीटर खोलीपर्यंतही नेतो. ऑक्टोबरच्या सुमारास तोंड बुजवून आत जातो तो मार्च-एप्रिलमध्ये वर येतो. मधले सहा महिने शीतनिद्रा. अधूनमधून जाग आली की उशाशी ठेवलेला साठा खायचा, पुन्हा झोपायचे.

शेतकऱ्याशी त्याचे वैर अर्थातच जुने. गहू, ओट, बीट, कोबी, काही त्याला वर्ज्य नव्हते. पकडणाऱ्याला गावे बक्षीस देत. सापळे लावत, विष घालत. पूर्व जर्मनीत तर कातड्यासाठी लाखोंनी पकडले गेले. एवढे करूनही तो संपला नव्हता, कारण मादी वर्षाला दोन-तीन वेळा विते. विसाव्या शतकाच्या आरंभी एका मादीला वर्षाकाठी वीसहून अधिक पिल्ले होत. आता पाच-सहाच होतात. २०२० साली जगातल्या धोक्यातल्या प्राण्यांची यादी करणाऱ्या संघटनेने या हॅमस्टरला ‘अत्यंत संकटग्रस्त’ या शेवटच्या पायरीवर नेऊन बसवले, आणि असेच चालले तर तीस वर्षांत तो नाहीसा होईल असा इशारा दिला. फ्रान्समध्ये तो फक्त अल्सासातच उरला आहे. तेथे १९९३ पासून त्याला कायद्याचे संरक्षण आहे. तरीही मुख्य पट्ट्यात २००१ साली मोजलेली १,१६७ बिळे २००७ साली १६१ झाली.

मारायचे थांबले तरी उंदीर कमी होत गेला, हे मला मोठे चमत्कारिक वाटले. आमच्या धंद्यात याच्या उलटा अनुभव येतो. याचे उत्तर मला ऐकण्याआधी बसच्या खिडकीतून दिसले होते, फक्त ते उत्तर आहे हे कळले नव्हते. स्ट्रासबुर्ग सोडून नैऋत्येला गाइस्पोल्सहाइमच्या बाजूला गेलो तर दोन्ही अंगांना नजर पोचेल तिथवर उघडी, सारखी केलेली माती, आणि तिच्यावर बोटभर मक्याचे कोंब. मैल गेला तरी तेच.

पूर्वी असे नव्हते. एका गावच्या शिवारात गहू, जव, ओट, लसूणघास, बीट, बटाटा, कोबी असे गोधडीच्या ठिगळांसारखे तुकडे असत. जमिनीखाली ऱ्हाईनचे पाणी भरपूर. संकरित बियाणे आले, पंप आले, मळणी करणारी मोठी यंत्रे आली, आणि मका सर्वांत सोपा व खात्रीचा ठरला. शेतकऱ्याने तो लावला. मी त्याच्या जागी असतो तर मीही लावला असता.

आता हॅमस्टरच्या बाजूने पाहा. सहा महिन्यांनी उपाशी पोटी तो एप्रिलमध्ये बाहेर येतो, तर वर काहीच नाही. मका पेरायचा आहे किंवा नुकता पेरला आहे. आडोसा नाही, हिरवे पान नाही, आणि आकाशातून घार व बांधावरून कोल्हा टपलेला. गहू असता तर तो एव्हाना हिरवा उभा असता. म्हणजे पहिला घाव उघडेपणाचा. दुसरा घाव मात्र कोणाच्या ध्यानी आला नव्हता. तो स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी शोधून काढला.

मातील्ड तिसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टरच्या माद्यांचे गट केले. काहींना गहू आणि जोडीला क्लोव्हर नावाचे बरसीमसारखे द्विदल गवत, काहींना गहू आणि गांडुळे; काहींना मका आणि तेच गवत, काहींना मका आणि गांडुळे. अन्नघटक तपासले तर सगळे आहार कागदावर ठीक. पिल्लेही सगळ्यांना सारखीच झाली. पण गहू खाणाऱ्या माद्यांची पाचांतली चार पिल्ले दूध तुटेपर्यंत जगली, आणि मका खाणाऱ्यांची शंभरात पाच! बाकीची कोठे गेली? आयांनी खाल्ली. नुकतीच झालेली पिल्ले उचलून त्या मक्याच्या ढिगात ठेवत आणि जिवंतपणी खात. त्यांच्या जिभा काळ्या पडल्या होत्या. पिंजऱ्यात त्या गोल गोल धावत, खाण्याच्या भांड्यावर चढून आपटत. हा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला.

दुभाषी मुलीने हे सांगितले तेव्हा आमच्यातले दोघे-तिघे उठून बाहेर गेले. गाय, म्हैस, शेळी पाळणाऱ्या माणसाला आईने वासरू टाकले एवढेसुद्धा सहन होत नाही.

पण या माद्या क्रूर नव्हत्या, आजारी होत्या. मक्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व, म्हणजे ब-३, अशा रूपात बांधलेले असते की पोटाला ते मिळत नाही. आणि ज्या पदार्थापासून शरीर ते स्वतः तयार करू शकते तोही मक्यात तुटपुंजा. संशोधकांनी मक्याच्याच आहारात हे जीवनसत्त्व वेगळे घातले, आणि माद्या पिल्ले सांभाळू लागल्या. एवढ्यावर निकाल लागला.

हा रोग माणसालाही होतो. त्याचे नाव पेलाग्रा. कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते, पुढे डोके फिरते. मका हे मूळ अमेरिकेचे पीक. तेथले जुने लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटत. त्यामुळे बांधलेले जीवनसत्त्व सुटे होते. युरोपने मका नेला, पण चुना नेला नाही. मग इटली, स्पेनमधले गरीब केवळ मक्यावर जगू लागले आणि या रोगाने खंगले. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो माणसे नेली. नायसिन हा त्यावरचा उपाय आहे हे १९३७ साली कळले. आपल्याला हे परके वाटायला नको. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर दिवस काढणाऱ्या मजुरांत हाच रोग आढळे. ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाचा त्याच्याशी संबंध असावा, असे हैदराबादच्या डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडले होते. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, ताक-दूध आहे त्याला भिण्याचे काही कारण नाही. नुसत्या भाकरीवर माणूस राहू नये म्हणून आपल्या आया-आज्ज्या कोरड्यास करून घालत. हॅमस्टरच्या शिवारातून ते कोरड्यास नाहीसे झाले एवढेच.

तिसऱ्या दिवशी आम्हाला दक्षिणेकडे हुनावीर या गावी नेले. द्राक्षांच्या मळ्यांत वसलेले लहानसे गाव. येथे १९७६ साली पांढऱ्या करकोच्यांसाठी एक केंद्र सुरू झाले. करकोचा हा अल्सासचा लाडका पक्षी, घराच्या धुराड्यावर घरटे बांधतो. १९७४ साली साऱ्या अल्सासात त्याच्या नऊ जोड्या राहिल्या होत्या. आज गावोगाव छपरांवर त्याची चोच वाजते. त्याच केंद्रात पुढे पाणमांजर आणि हा हॅमस्टर यांचेही काम सुरू झाले.

हॅमस्टरची पैदास करणे हे काम ऐकायला सोपे, करायला किचकट आहे. उंदीर म्हटला की एका खोक्यात दहा टाकले की झाले, असे आपल्याला वाटते. हा प्राणी एकलकोंडा आहे. नर-मादी एरवी एकत्र ठेवली तर एकमेकांना फाडतात. म्हणून प्रत्येकाचा पिंजरा वेगळा. मादी माजावर आली की नराची गाठ घालून द्यायची, लक्ष ठेवायचे, आणि काम झाले की त्याला लगेच बाहेर काढायचे. अठरा ते वीस दिवसांत पिल्ले होतात, उघडी, आंधळी, बोटाच्या पेराएवढी. साधारण चौदाव्या दिवशी डोळे उघडतात, महिन्याच्या आत दूध तुटते. हिवाळ्यात थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवून शीतनिद्रा घडवावी लागते, नाही तर पुढल्या हंगामात अंगात वीण येत नाही.

सर्वांत मला आवडली ती त्यांची वही. प्रत्येक जनावराचे आई-बाप, आजी-आजोबा लिहिलेले. कोणाची कोणाशी गाठ घालायची हे वही पाहूनच ठरते. जनावरे थोडी उरली की सगळी एकमेकांची नातलग होतात आणि वाण खुरटतो. गावात एकच बोकड चार-पाच वर्षे ठेवला की करडांचे काय होते, हे मी इथे कितीदा कंठशोष करून सांगितले आहे! त्या वहीकडे बोट दाखवून आमच्या मंडळींना म्हटले, बघा, उंदरासाठी करतात.

अण्णा पिंजऱ्यापुढे उकिडवे बसले होते. आतला हॅमस्टर उभा राहून त्यांच्यावर दात विचकत होता. अण्णा त्याला म्हणाले, “लई मिजास हाय रं तुझी.” दोन पोत्यांची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. मी त्यांना सांगितले की आपल्याकडेही असा एक आहे. पुण्याजवळ सिंहगडावरचा कोंडाणा उंदीर. १९७५ साली त्याची शास्त्रात पहिली नोंद झाली, आणि सह्याद्रीचा थोडा भाग सोडला तर जगात तो कोठे नाही. त्याचे नावही धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. अण्णा म्हणाले, “गडावर जाऊन आलोय तीनदा. कुणी दावलं न्हाई.”

पैदास झालेले हॅमस्टर, दरवर्षी सुमारे पाचशे, शेतात सोडले जातात. हा सोहळा पाहण्यासारखा असतो. गव्हात गिरमिटाने तिरकी भोके आधीच पाडून ठेवतात. एकेका भोकात एकेक जनावर, जोडीला थोडे खाणे. नव्या बिऱ्हाडाला पहिल्या दिवशी शिधा द्यावा तसा. प्लॉटभोवती आपल्याकडे रानडुकरांसाठी लावतात तशी झटका तार, कोल्ह्यासाठी. जनावराच्या कातडीखाली तांदळाएवढी खूण बसवलेली असते, म्हणजे पुन्हा सापडले तर ओळखू येते. एवढे करूनही सोडलेल्यांपैकी बहुतेक पहिल्याच हंगामात कोल्हा, घार यांच्या तोंडी जातात. जे तगतात त्यांच्या पिल्लांवर सगळी भिस्त. आणि ती पिल्ले तगायची तर कापणीनंतरही डोक्यावर पीक हवे. म्हणून नुसते पाळणाघर पुरत नाही. हॉलंडमध्ये लिंबुर्ग भागात १९९९ साली उरलेसुरले हॅमस्टर पकडून रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात वाढवले आणि २००२ पासून पुन्हा शेतात सोडले. तेथेही शेते त्यांच्यासाठी राखावी लागली. उलट व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या दफनभूमीत हे प्राणी कोणी न सोडता मजेत आहेत. थडग्यांवरच्या मेणबत्त्यांचे मेणसुद्धा खातात म्हणे. तेथे नांगर नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. ९ जून २०११ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने फ्रान्स सरकारला दोषी ठरवले: तुम्ही हॅमस्टरचे पुरेसे रक्षण केले नाही. निकाल सरकारविरुद्ध, पण पीक बदलायचे कोणी? शेतकऱ्याने. एका गावात आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या शेतकऱ्याने सांगितले की सुरुवातीला गावात फार संताप होता. आजोबांना शेपटीमागे बक्षीस मिळे, बापाने विष घातले, आणि आता नातवाला सांगतात की त्याच्यासाठी गहू उभा ठेव. शिवाय शहरातले लोक शिकवायला येणार! त्याच शहराच्या पश्चिमेने हॅमस्टरच्या मुलखातून मोठा बाह्यवळण रस्ता गेला, तो डिसेंबर २०२१ मध्ये सुरूही झाला. रस्त्याला जागा मिळते आणि आम्हाला मक्याची मनाई, हे त्यांचे गाऱ्हाणे मला रास्त वाटले.

मार्ग निघाला तो एकत्र बसून. २०१३ ते २०१९ या काळात शेतकरी, संशोधक आणि सरकारी खाती यांनी मिळून एक प्रकल्प चालवला. एकेकट्या शेतकऱ्यावर सक्ती करण्याऐवजी पट्ट्यातल्या सगळ्यांनी मिळून सुमारे चौथा हिस्सा जमीन गहू, लसूणघास अशा पिकांखाली ठेवायची. कोणाचा कोणता तुकडा, हे त्यांनी आपसात ठरवायचे आणि दरसाल फिरवायचे. गव्हाचे काही पट्टे कापायचेच नाहीत. त्याबदल्यात हेक्टरी भरपाई, पाच वर्षांच्या करारावर. गव्हात सोयाबीन मिसळून पेरण्याचेही प्रयोग झाले. एकात जे कमी ते दुसऱ्यात मिळावे हा हेतू.

त्या शेतकऱ्याने आम्हाला आपला न कापायचा पट्टा दाखवला. गहू पोटऱ्यात आलेला होता. पट्ट्याच्या कडेला एक बीळ होते. सरळ खाली गेलेले, मूठ जाईल एवढे, कडा गुळगुळीत. अण्णांनी सवयीने भोवतालची माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाले, “ताजी हाय. आत हाय त्यो.” दुभाष्या मुलीने हे सांगितल्यावर शेतकरी पहिल्यांदा मोकळेपणी हसला. तेही वसंतात रांगेने शेते चालून अशीच बिळे मोजतात.

मी त्याला विचारले, नुकसान किती होते? म्हणाला, हॅमस्टर खातो ते काही नाही. अडचण लसूणघासाची आहे. पूर्वी दावणीला गाई होत्या, आता गावात गोठे दोन उरलेत. घास कापून विकायचा कोणाला? भरपाईने खर्च निघतो, पण माल पडून राहिला की हात कामाला लागत नाही.

त्याचा करार पुढल्या वर्षी संपतो. पुन्हा सही करणार का, असे अण्णांनी विचारायला लावले. त्याने मक्याच्या रानाकडे पाहिले, मग गव्हाकडे. घासाला गिऱ्हाईक मिळाले तर करीन, म्हणाला, आणि दूध काढायची वेळ झालेल्या शेजाऱ्याकडे त्याच्या कामासाठी निघून गेला.